दादांच्या दवाखान्यातला पारा कुठे द्यायचा? आणि मिनामाता करार आपल्या गावापर्यंत पोचतो का?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

दादा (माझे वडील) जाऊन आता वर्ष होईल. नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या गावी त्यांचा ४१ वर्षं दवाखाना होता. गाळा रिकामा करायचाय म्हणून मी आणि भाऊ गेले दोन रविवार तिथेच आहोत. औषधांचे खोके, सलाईनचे स्टँड, जुने केसपेपर सगळं मार्गी लागलं, पण एका कपाटात पाऱ्याची दोन बीपीची यंत्रं निघाली, नऊ थर्मामीटर, आणि एका काचेच्या बाटलीत नुसता पारा. थर्मामीटर फुटला किंवा यंत्र गळलं की दादा तो पारा कागदावर गोळा करून त्या बाटलीत ठेवायचे. कंपाउंडर काका सांगत होते, केरात टाकलेला त्यांना चालायचा नाही. बाटली जेमतेम बोटभर उंचीची, पण उचलली आणि हात एकदम खाली गेला, काट्यावर अर्ध्या किलोच्या वर भरली.

भंगारवाला म्हणाला यंत्रं पत्र्याच्या भावात घेतो, बाटलीचे वेगळे देतो. पाऱ्याचं काय करता विचारलं तर म्हणे, "जातो ताई मुंबईला, घेणारे असतात." मी दिली नाही. मग नगरपालिकेत फोन केला, तिथल्या माणसाने सांगितलं खड्डा करून पुरून टाका.

तेव्हापासून वाचत बसलेय. पाऱ्यावर एक आंतरराष्ट्रीय करारच आहे, मिनामाता करार. २०१३ मध्ये झाला, १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू, भारताने २०१८ च्या जूनमध्ये त्याला रीतसर मान्यता दिली. पाऱ्याचे थर्मामीटर आणि बीपीची यंत्रं बनवणं, आयात करणं बंद करायचं असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मग जे आधीच घराघरात, दवाखान्यादवाखान्यात पडून आहे ते कुणी घ्यायचं? आणि असले करार जिनिव्हात होतात तेव्हा आमच्या गावाला त्याचा खरंच काही उपयोग असतो का? जाणकारांनी सांगा प्लीज.

रसायनमास्तर
ताई, आधी काळजीचं बोलू, करार नंतर. बाटलीचं झाकण घट्ट आहे ना? ती बाटली दुसऱ्या प्लास्टिकच्या बरणीत ठेवा, मधे कापूस किंवा कागद भरा आणि वर मोठ्या अक्षरात "पारा" लिहून चिकटवा. यंत्रं उभीच ठेवा, आडवी करू नका. मुलं आणि कुणी गरोदर बाई असेल तर त्यांना त्या खोलीत नेऊ नका.

सांडलाच तर झाडू नाही, व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नाही, त्याने बारीक थेंब आणि वाफ घरभर होते. पंखा बंद, खिडक्या उघड्या. पुठ्ठ्याने थेंब एकत्र ढकलायचे, ड्रॉपरने ओढायचे, उरलेले चिकटपट्टीने उचलायचे. आणि हातातल्या बांगड्या, अंगठी आधी काढून ठेवा, सोन्याला पारा लागला की ते पांढरं पडतं.

एका बीपीच्या यंत्रात साधारण ८० ते १०० ग्रॅम पारा असतो, थर्मामीटरमध्ये एखादा ग्रॅम. म्हणजे तुमच्याकडे सगळा मिळून पाऊण किलो धरा. खड्ड्यात पुरायची गोष्ट नाही ही. दादांनी जे केलं ते किती डॉक्टरांनी केलं असेल सांगा.

मनोज_सातपूर
एवढं काय घाबरायचं त्यात. आम्ही शाळेत तळहातावर पारा खेळवायचो, आज पन्नाशी ओलांडली, ठणठणीत आहे.

डॉ_शिरोळ
मनोजभाऊ, तुम्ही ठणठणीत आहात हे चांगलंच आहे, पण यात एक गफलत आहे आणि ती नीट सांगायला हवी. पाऱ्याची तीन रूपं धरा. एक हा चकचकीत धातू. हा पोटात गेला तर जवळजवळ तसाच बाहेर पडतो, त्वचेतूनही फार शिरत नाही. म्हणून तुम्हाला काही झालं नाही. पण तोच पारा खोलीत उघडा राहिला की साध्या तापमानाला त्याची वाफ होते, वास नाही, रंग नाही, आणि श्वासावाटे गेलेल्या वाफेतला ८० टक्क्यांच्या आसपास शरीरात राहतो, मेंदूपर्यंत जातो. हात थरथरणं, झोप न लागणं, चिडचिड, हिरड्या सुजणं ही जुनी ओळखीची लक्षणं. दुसरं रूप क्षारांचं, ते किडनी धरतं. तिसरं मिथिल पारा, ते सगळ्यात वाईट. नाल्यात, तळ्यात, समुद्रात गेलेल्या पाऱ्याचं गाळातले जिवाणू मिथिल पारा करतात, तो शेवाळात, शेवाळातून छोट्या माशात, छोट्यातून मोठ्यात साठत साठत जातो आणि शेवटी ताटात येतो.

तुमच्या तळहातावरचा पारा नंतर कुठे गेला ते मात्र तुम्हाला माहीत नाही. मलाही माझ्या शाळेतला माहीत नाही.

मनोज_सातपूर
हे पटलं. शाळेतला बहुतेक मोरीतच गेला असणार.

कुमामोतोहून
मी गेली ११ वर्षं जपानमध्ये कुमामोतो शहरात राहतो, मिनामाता इथून दक्षिणेला, याच प्रांतात. करार याच शहरात १० ऑक्टोबर २०१३ ला स्वीकारला गेला. दोनदा मिनामाताला जाऊन आलोय त्यामुळे थोडं लिहितो. थोडं होणार नाही बहुतेक.

चिस्सो नावाची कंपनी, तिथे १९३२ पासून अॅसिटाल्डिहाइड बनायचं, त्यात पाऱ्याचा क्षार उत्प्रेरक म्हणून वापरायचे. त्यात तयार झालेला मिथिल पारा सांडपाण्यातून थेट खाडीत. गाव कोळ्यांचं, तिन्ही त्रिकाळ मासे. पन्नाशीच्या दशकात आधी मांजरं वेडीवाकडी नाचायला लागली, फेफरं येऊन समुद्रात पडायला लागली, मग माणसं. बोटं वळेनात, नजर आक्रसली, बोलता येईना. १ मे १९५६ हा या रोगाची पहिली अधिकृत नोंद झाल्याचा दिवस. नोंद करणारे डॉक्टर होसोकावा हे कारखान्याच्याच दवाखान्याचे प्रमुख होते. त्यांनी १९५९ मध्ये कारखान्याचं सांडपाणी मांजराच्या खाण्यात मिसळून पाहिलं, ४०० नंबरच्या मांजराला तीच लक्षणं आली. कंपनीने तो निष्कर्ष दाबला. सांडपाणी त्यानंतर किती दिवस सुरू राहिलं? १९६८ पर्यंत. नऊ वर्षं! सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केलं तेही १९६८ च्या सप्टेंबरातच, आणि तोपर्यंत १९६५ मध्ये दुसऱ्या कंपनीमुळे निगाता प्रांतात तोच रोग पुन्हा उद्भवला होता.

१९५९ च्या शेवटी कंपनीने रुग्णांना थोडे "सांत्वनाचे" पैसे दिले आणि कागदावर लिहून घेतलं की पुढे कारखाना दोषी ठरला तरी जास्त मागणार नाही. १९७३ मध्ये कोर्टाने तो कागद नीतीला धरून नाही म्हणून रद्द ठरवला.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. आयांना फारसं काही झालेलं नसायचं आणि बाळं जन्मतःच पंगू. तेव्हा डॉक्टरांची समजूत अशी की विष वारेतून बाळापर्यंत जात नाही. ते खोटं ठरलं. आपल्याकडे म्हणतात ना, माझी नाळ इथे पुरलीये. जपानमध्ये नाळ पुरत नाहीत, वाळवून छोट्या लाकडी डबीत वर्षानुवर्षं जपून ठेवतात. त्या जपलेल्या नाळा संशोधकांनी घरोघरी जाऊन मागून घेतल्या आणि तपासल्या, आणि कुठल्या सालच्या बाळाच्या नाळेत किती पारा होता ते निघालं. आयांनी मायेने ठेवलेल्या डब्या पुराव्याला कामी आल्या.

आज त्या खाडीचा ५८ हेक्टर भाग भराव घालून बंद केलाय, वर बाग आहे. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून खाडीला जाळं बांधलं होतं ते १९९७ ला काढलं. सरकारी दाखला मिळालेले रुग्ण ३ हजारांच्या आसपास, पण दाखला न मिळालेले किती तरी पट जास्त आणि त्यांच्या केसेस अजून चालू आहेत. कराराला गावाचं नाव द्यायला काही रुग्णसंघटनांचा विरोधही होता, आमचा प्रश्न सुटलेला नाही आणि नाव कसलं देता म्हणून. मला दोन्ही बाजू कळतात.

माई_दापोली
नाळेचं वाचून पुढे वाचवेना. थांबून आले परत.

स्पष्टच_सांगतो
मूळ प्रश्नाला उत्तर देतो. नाही, करार गावापर्यंत पोचत नाही. श्रीमंत देशांनी आधी वापरून घ्यायचं, घाण आमच्याकडे पाठवायची आणि मग जिनिव्हात आम्हाला शिकवायचं. कोडाईकनालचंच बघा. थर्मामीटरचा कारखाना अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाउनमध्ये होता, तिथून उचलून १९८३ मध्ये कोडाईकनालला आणला. इथे काम करणाऱ्या पोरापोरींना पारा म्हणजे काय हे कुणी धड सांगितलं नाही. २००१ मध्ये गावातल्या भंगारच्या दुकानात पारा लागलेल्या काचांचे ढीग सापडले, लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा कारखाना बंद झाला. हिंदुस्तान लिव्हरचा होता तो. ५९१ माजी कामगारांशी तडजोड झाली २०१६ मध्ये, पंधरा वर्षांनी! तोपर्यंत कितीजण गेले असतील. जमिनीचं शुद्धीकरण किलोला २० मिलिग्रॅम पारा राहील इतपत करायचं ठरलं, त्यावरूनही लोकांची हरकत, की हीच कंपनी युरोपात एवढ्यावर सुटली असती का. मला राग येतो आणि तो यावा असंच आहे हे.

कायद्याची_पोर
स्पष्टच, राग योग्य आहे. पण तुमच्याच उदाहरणात एक गोष्ट तुम्ही सोडली. २००३ मध्ये त्या कारखान्यातला जवळपास २९० टन पारामिश्रित कचरा जहाजाने परत अमेरिकेला पाठवला गेला. गावकरी, कामगार आणि संघटना मागे लागल्या म्हणून तर झालंच, पण घातक कचरा कुणीही कुणाच्याही दारात टाकायचा नाही हे जगात तोवर मान्य झालेलं होतं म्हणूनही झालं. १९८९ चा बाझेल करार त्यासाठीच आहे. २००६ मध्ये फ्रान्सची क्लेमेन्सो युद्धनौका अॅस्बेस्टॉससकट अलंगला तोडायला निघाली होती ती अर्ध्या रस्त्यातून परत न्यावी लागली, आठवतं का?

आता पाऱ्यालाच वेगळा करार का. पारा एका देशात थांबतच नाही. कोळशातून उडालेली वाफ महिनोन्महिने हवेत राहते आणि हजारो किलोमीटरवर पडते. उत्तर ध्रुवाकडच्या लोकांनी कारखाना पाहिलेला नाही पण त्यांच्या ताटातल्या सीलच्या मांसात पारा असतो. एका देशाने कितीही कडक कायदा केला तरी उपयोग मर्यादित. आणि व्यापार. युरोपने २०११ पासून पारा निर्यात बंद केला, अमेरिकेने २०१३ पासून. त्याआधी काय व्हायचं, तिथले जुने कारखाने बंद झाले की उरलेला पारा स्वस्तात गरीब देशांना विकला जायचा.

इराकचं प्रकरण वाचलंय का कुणी? १९७१ मध्ये दुष्काळानंतर मेक्सिको आणि अमेरिकेतून पेरणीसाठी गहू-बार्ली आली, बुरशी लागू नये म्हणून मिथिल पारा चोळलेला. पोत्यांवर धोक्याच्या सूचना स्पॅनिश आणि इंग्रजीत. शेतकऱ्यांना वाचता येईना, पेरणीची वेळ टळून गेलेली, घरात दाणा नाही, त्यांनी दळून भाकऱ्या केल्या. साडेसहा हजार माणसं दवाखान्यात आणि सरकारी आकड्यानुसार ४५९ मेली. माल कुठून कुठे जातोय, घेणाऱ्याला काय सांगितलंय, कुठल्या भाषेत सांगितलंय, हे बघायला कुणीतरी देशांच्या वरचं लागतंच. १९९८ चा रॉटरडॅम करार नेमका याच कामासाठी आहे, घातक रसायनं आणि कीटकनाशकं पाठवायची तर घेणाऱ्या देशाला आधी कळवा, त्याची संमती घ्या मगच पाठवा.

वणीचा_विठ्ठल
ताईंनी कीटकनाशकाचा विषय काढलाच म्हणून सांगतो, आमच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ ला कापसावर फवारणी करताना वीसच्या वर माणसं गेली. शेकडो भरती होते. डब्यावरचं लिखाण इतकं बारीक की आमच्या बापाला चष्मा लावूनबी वाचता येत नाही. हातमोजे, मास्क कुणाकडं होते? इराकच्या पोत्याचं वाचलं अन् तेच डोळ्यासमोर आलं.

स्पष्टच_सांगतो
विठ्ठलभाऊ, हेच म्हणतोय मी. करार होता, यवतमाळ झालंच की.

कायद्याची_पोर
हो, झालं. तिथे आपल्या घरचा कायदा कमी पडला, कराराने हात बांधले नव्हते. करार हा पाया आहे, भिंती आपल्याच बांधायच्या असतात. पाया नको म्हणून कसं चालेल?

झारेकऱ्याच्या_गल्लीतला
भंगारवाल्याच्या "घेणारे असतात" वर सांगतो. आमचं घर सराफ कट्ट्याच्या मागे. लहानपणी झारेकरी यायचे, सोनारांच्या दुकानातला केर आणि गटारातली माती विकत घेऊन जायचे. ती धुऊन धुऊन शेवटी उरलेल्या गाळात पारा घालून मळायचे, सोन्याचे कण पारा धरतो, मग फडक्यातून पिळायचं आणि उरलेला गोळा मुशीत घालून तापवायचा. पारा उडून जातो, सोनं राहतं. बंद खोलीत, पोरंबाळं तिथेच. एक म्हातारे होते, त्यांचा हात असा थरथरायचा की चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. आम्हाला वाटायचं वय झालंय. आता डॉक्टरसाहेबांनी लक्षणं लिहिली ती वाचली आणि चटकन ते हात दिसले. अजूनही मागणी आहे पाऱ्याला. ताई, भंगारात देऊ नका.

घानाचा_मराठी
झारेकरीभाऊ, तुम्ही लिहिलंत तसंच्या तसं इथे पश्चिम आफ्रिकेत नदीकाठी चालतं, फक्त प्रमाण कैकपट. मी खाणीच्या यंत्रसामग्रीचं काम करतो, मोठ्या खाणीत पारा नाही वापरत, पण बाजूला हजारो माणसं फावडं-घमेलं घेऊन सोनं काढतात. जगात माणसामुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वात मोठा वाटा याच छोट्या सोनेकामाचा, २०१८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात ३८ टक्के दिलाय, कोळसा त्याखाली २१. एकूण २०१५ सालचा अंदाज २,२२० टन.

करार यावर बंदी घालत नाही, प्रत्येक देशाने पारा कमी करायची स्वतःची योजना करायची असं म्हणतो. आधी मलाही हे मिळमिळीत वाटायचं. पण इथली माणसं जवळून बघितली तर बंदी घातली की ती रात्री आणि जंगलात काम करणार एवढंच. रिटॉर्ट नावाचं साधं बंद भांडं येतं, त्यात तापवलं की वाफ नळीतून थंड होऊन पारा परत मिळतो, पुन्हा वापरता येतो, नाकातही जात नाही. ते वापरायला लावणं हे खरं काम. सोनं घेताना आपल्यापैकी कुणी विचारतं का, कुठून आलं?

दातांची_ताई
दाढेत "चांदी भरली" म्हणतो ना आपण, त्यात वजनाने साधारण निम्मा पारा असतो हे लोकांना माहीत नसतं. घाबरून कुणी जुनी चांदी उकरून काढायला येऊ नका, हे मुद्दाम सांगतेय! भरलेली आहे, चांगली बसलीये, तर राहू द्या, काढतानाच जास्त वाफ होते. पण नवीन भरताना दातांच्या रंगाचं सिमेंट मागा. कराराच्या २०२२ च्या बैठकीत ठरलं की १५ वर्षांखालची मुलं आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायांना चांदी भरायची नाही, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हात २०३४ पर्यंत पूर्ण बंद करायचं ठरलं. मी २०१९ पासूनच बंद केलीये. आमच्या व्यवसायात कुरकुर झाली, खेड्यातल्या गरीब माणसाला स्वस्त आणि टिकाऊ काय देणार म्हणून. ती कुरकुर खोटी नाही. सरकारी दवाखान्यात पर्याय पोचवावा लागेल, नाहीतर दात उपटणं वाढेल.

वैद्य_औंधकर
इथवर कुणी काढलं नाही म्हणून मीच काढतो. रसौषधी, म्हणजे आयुर्वेदातली पारा घालून केलेली औषधं. कज्जली, रससिंदूर, हेमगर्भ. कराराच्या ज्या परिशिष्टात बंद करायच्या वस्तूंची यादी आहे तिथेच पारंपरिक आणि धार्मिक वापराच्या वस्तू वगळल्यात. ते योग्यच आहे. शोधन-मारण केलेला पारा आणि थर्मामीटरमधला पारा एक नाही. गंधकाबरोबर खलून केलेली कज्जली पाण्यात विरघळत नाही. माझ्या आजोबांनी हेमगर्भाची मात्रा उगाळून चाटवलेली माणसं मी पाहिलीत.

डॉ_शिरोळ
वैद्यबुवा, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहितो. विरघळत नाही हे खरं, त्यामुळे शोषण कमी होतं हेही खरं. पण कमी म्हणजे शून्य नाही, आणि आज बाजारात जे मिळतं ते तुमच्या आजोबांच्या खलातलं नाही. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांची अमेरिकेत तपासणी झाली होती, २००८ मध्ये छापून आली, पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. माझ्याकडे वर्षाला दोन-तीन रुग्ण येतात लघवीत प्रथिनं जातायत म्हणून, आणि पिशवीतून चिठ्ठी नसलेल्या पुड्या निघतात.

वैद्य_औंधकर
चिठ्ठी नसलेल्या पुड्यांबद्दल माझं तुमच्याशी भांडण नाही. उलट त्यांच्यामुळे आमचं शास्त्र बदनाम होतं. रुग्णाला लिहून न देता रसौषधी देणारा वैद्य नव्हे. गरोदर बाईला तर मी ती देतच नाही. पण सवलत काढून टाका म्हणाल तर विरोध करीन.

डॉ_शिरोळ
काढा नाही म्हणत. पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा, आत पारा आहे, एवढंच. आणि गोरं करणारी क्रीमं हा तर याहून मोठा प्रश्न. पाऱ्याने त्वचेतला रंग बनायचा थांबतो, म्हणून चेहरा आठवड्यात उजळतो आणि बाया खूश होतात. अकोल्यात एका घरातल्या तिघींना किडनीचा त्रास सुरू झाला, मूळ शोधता शोधता ब्यूटी पार्लरमधून आणलेल्या क्रीमपर्यंत गेले, मुंबईच्या केईएममधल्या तपासणीत पारा निघाला. केरळात मलप्पुरमकडेही अशाच केसेस सापडल्या. आधी करारात १ पीपीएमची (दहा लाखात एक भाग) मर्यादा होती, २०२३ च्या बैठकीत ती पळवाट बंद केली, आता मुद्दाम घातलेला पारा किंचितही चालत नाही. पण बिनलेबलची डबी पार्लरच्या काउंटरखालून येते, तिला जिनिव्हाचं काय?

तेजू_अकोला
हे इथल्या सगळ्या पार्लरमध्ये छापून लावायला पाहिजे. लग्नाच्या सीझनमध्ये "पंधरा दिवसात ग्लो" म्हणून काय काय फासतात मुलींना. माझ्या मावसबहिणीने सहा महिने लावलं होतं असलंच काहीतरी, आज डबी फेकायला सांगते. म्हणजे फेकायला नाही, कुठे द्यायची हाच तर धागा आहे.

चंद्रपूरची_राख
करार कुठे मऊ पडतो ते आमच्याकडून बघा. कोळशातून उडणाऱ्या पाऱ्याला करारात आकडा नाही. नव्या वीजकेंद्रांनी पाच वर्षांत उत्तम तंत्र वापरावं आणि जुन्यांनी दहा वर्षांत ते किंवा तसे दुसरे उपाय करावेत, एवढंच. आकडा आपल्या सरकारने दिला, डिसेंबर २०१५ मध्ये, घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम. चांगलं केलं. पण गंधक धुऊन काढणारी जी यंत्रणा पाराही बराचसा अडवते, तीच जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना माफ करून टाकली. इथे २,९२० मेगावॉटचं केंद्र आहे, अंगणात वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यावर राख दिसते. राख दिसते हो, पारा दिसत नाही.

माई_दापोली
मला दोन गोष्टी विचारायच्यात. सुनेला सातवा महिना आहे, मासे द्यायचे की नाहीत? आणि तांदळात मी त्या पाऱ्याच्या गोळ्या घालते वर्षानुवर्षं, किडे होत नाहीत म्हणून. हे सगळं वाचून पोटात गोळा आला.

डॉ_शिरोळ
माई, मासे बंद करू नका, बाळाच्या मेंदूलाच ते हवेत. फक्त मोरी, मुशी, मोठी सुरमई असले दुसऱ्या माशांना खाऊन मोठे झालेले मासे या महिन्यांत टाळा. तारली, बांगडा, बोंबील, मांदेली द्या. खालच्या पायरीवरचा छोटा मासा, पारा कमी.

गोळ्या मात्र आजच काढा. एखादी फुटली की धान्यात आणि कोठीत पारा, आणि तुम्ही ते हाताने निवडता. एरंडेल तेल लावा नाहीतर कडुनिंबाचा पाला घाला, आधी आपल्या आया काय करत होत्या?

रसायनमास्तर
मूळ प्रश्न राहिला बाजूला. ताई, एक नक्की सांगतो, दवाखान्याच्या लाल-पिवळ्या पिशवीत हे कुणाला टाकू देऊ नका. पिवळी पिशवी भट्टीत जाते, आणि भट्टीत पारा म्हणजे थेट धुराड्यातून आकाशात. घातक कचऱ्याची अधिकृत केंद्रं तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशी आहेत, पण ती कारखान्यांशी व्यवहार करतात, तुमची बाटली एकटी घेणार नाहीत. एखाद्या मोठ्या हॉस्पिटलला विचारा, त्यांचा स्वतःचा पारा त्यांना द्यावाच लागतो, त्याबरोबर जाईल.

कायद्याची_पोर
आणि नगरपालिकेला सोडू नका! घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये (एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी नवे नियम आलेत) "घरगुती घातक कचरा" अशी वेगळी व्याख्याच होती, त्यात फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर शब्दशः लिहिले होते, सीएफएल दिवे, रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, जुन्या बॅटऱ्या, सगळं. आणि तो घेण्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र स्थानिक संस्थेने काढायचं होतं. खड्डा करून पुरा असं त्यात कुठेही नव्हतं. लेखी मागा.

स्पष्टच_सांगतो
हे मला माहीत नव्हतं. आमच्या महापालिकेत मीही विचारतो. किती वर्षं झाली या नियमाला आणि एक केंद्र पाहिलेलं नाही मी.

गोदाकाठची
मंडळी, १९ दिवसांनी येतेय, माफ करा. सगळं दोनदा वाचलं, भावालाही वाचायला लावलं.

पाच हॉस्पिटलांना फोन केले. चौघांनी उडवून लावलं, पाचव्या ठिकाणी स्टोअरच्या सिस्टर म्हणाल्या, घेऊन या, आमचाही पारा पाठवायचाच आहे. मास्तरांनी सांगितलं तसं बरणीत बरणी घालून, यंत्रं उभी बांधून शनिवारी गाडीने नेलं. सिस्टरनी वजन करून त्यांच्या रजिस्टरमध्ये लिहिलं: पारा, बाटली १, बीपी यंत्र २, थर्मामीटर ९. शेवटच्या रकान्यात कुठून आलं ते लिहायचं होतं, तिथे दादांचं नाव लिहिलं. मला तिथेच रडू आलं. सिस्टरनी चहा पाजला.

दुसरं, नगरपालिकेत अर्ज दिला, पोच घेतली. कुणाला उपयोगी पडला तर घ्या, मजकूर असा आहे:

"घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार घरगुती घातक कचऱ्यासाठी संकलन केंद्र काढणे आपल्यावर बंधनकारक आहे. आपल्या हद्दीत असे केंद्र कोठे आहे, त्याची वेळ काय, आणि तेथे जमा झालेला पारा पुढे कोठे पाठवला जातो, ही माहिती लेखी द्यावी. केंद्र नसल्यास ते कधी सुरू होणार ती तारीख कळवावी. गावातील बंद झालेल्या ६ दवाखान्यांची यादी सोबत जोडत आहे. तेथील पाऱ्याची उपकरणे भंगारात जाण्यापूर्वी गोळा करण्यात यावीत."

सहा दवाखान्यांची यादी कंपाउंडर काकांनी करून दिली. त्यातल्या दोन घरी मी जाऊन आले, एकाकडे अजून भिंतीवर यंत्र आहे, म्हणाले तुम्ही नेता का?

वणीचा_विठ्ठल
यात कीटकनाशकाचे रिकामे डबेबी टाका ताई. मी आमच्या ग्रामपंचायतीत हाच अर्ज देतो, नाव बदलून.

माई_दापोली
गोळ्या काढल्या सगळ्या, अकरा निघाल्या, एक फुटलेली. ती पायली तांदूळ वेगळे बांधून ठेवलेत, कोंबड्यांनाही घातले नाहीत. आमच्याकडे नगरपंचायत आहे, अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करायचा की नगराध्यक्षांच्या?

कायद्याची_पोर
मुख्याधिकारी, माई. आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.